मुलीचं १३६ मिली बरोबर होतं: २२.४ आणि भुसावळचा एप्रिल

तापीकाठ | १७ एप्रिल, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मुलगी बारावीच्या उन्हाळी बॅचला जाते, इथेच भुसावळला. परवा तिच्या क्लासच्या लॅबमध्ये मॅग्नेशियमच्या फितीचा प्रयोग झाला. ०.१२ ग्रॅम फीत पॉलिश पेपरने घासून विरल हायड्रोक्लोरिक आम्लात टाकायची आणि निघणारा हायड्रोजन पाण्याने भरलेल्या उलट्या मेजरिंग सिलिंडरमध्ये गोळा करायचा. समीकरण सोपं आहे:

मॅग्नेशियम + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → मॅग्नेशियम क्लोराइड + हायड्रोजन

एका मोल मॅग्नेशियमला एक मोल हायड्रोजन (मोल म्हणजे अणू-रेणूंची एक ठरावीक संख्या; मॅग्नेशियमचा एक मोल २४ ग्रॅमचा). ०.१२ भागिले २४ म्हणजे ०.००५ मोल. एका मोल वायूला २२.४ लिटर जागा लागते असं पुस्तकात आहे, त्याने गुणलं की ११२ मिली. हिचं वाचन आलं १३६ मिली.

तिथे सांगितलं गेलं की काहीतरी चुकलंय, पुन्हा बघ. वेळ संपत आली होती. हिने १३६ खोडरबराने पुसलं आणि १११ लिहिलं. मी विचारलं, ११२ का नाही लिहिलंस? म्हणाली, "पप्पा, अगदी ११२ लिहिलं असतं तर खोटं वाटलं असतं."

ते ऐकून मला रात्री झोप लागली नाही. मी बीएस्सी केमिस्ट्री करून रेल्वेत लागलो, २५ वर्षांत पुस्तक उघडलेलं नाही. पण पोरीने डोळ्यांनी पाहिलेला आकडा पुसावा हे मनाला पटत नाही. जर्नलचं पान मी उजेडासमोर धरलं तर पुसलेला १३६ अजून दिसतो.

तिने पाण्याचं तापमान लिहून ठेवलंय, ३६ अंश. लॅबवर पत्रा आहे, दुपारचे तीन वाजले होते. इथे कोणी केमिस्ट्री शिकवलेलं असेल तर सांगा. १३६ ही चूक आहे की नाही?

---

वाघूरकाठची | १७ एप्रिल, रात्री १०:४०

भाऊ, मी ज्युनिअर कॉलेजला ३१ वर्षं केमिस्ट्री शिकवली, आता जळगावला निवृत्त आहे. तुमच्या मुलीचं वाचन चुकीचं नाही. अशा पत्र्याखालच्या लॅबमध्ये एप्रिलच्या दुपारी ११२ आलं असतं तरच मी तिला पुन्हा करायला लावलं असतं.

२२.४ लिटर हा आकडा ० अंश सेल्सिअस आणि ७६० मिलिमीटर दाबाचा. म्हणजे बर्फ वितळतो ते तापमान आणि समुद्रकिनाऱ्यावरची हवा. आपल्याकडे यातलं एकही नाही. वायू तापला की पसरतो, दाब कमी झाला की पसरतो. वजन वाढत नाही, मोल वाढत नाहीत, जागा तेवढी जास्त लागते.

मोलपर्यंतचं तिचं गणित बरोबर आहे. ग्रॅमवरून मोल, समीकरणातल्या गुणोत्तराने दुसऱ्या पदार्थाचे मोल, इथपर्यंत हवामानाचा काही संबंध नाही. हा भाग भुसावळला आणि मनालीला सारखाच. मोलवरून मिलीकडे वळताना मात्र "कुठल्या तापमानाला, कुठल्या दाबाला" हे विचारावंच लागतं.

आता तिसरी गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. वायू पाण्यावर गोळा केला तर सिलिंडरमध्ये एकटा हायड्रोजन नसतो. पाण्याची वाफही त्यात शिरून बसते आणि आपल्या वाट्याचा दाब देते. २० अंशांना हा दाब १७.५ मिलिमीटर असतो, ३० ला ३१.८, ३६ ला ४४.६. थंड गावातल्या लॅबमध्ये हे दुर्लक्षून चालतं, आपल्याकडे चालत नाही. त्या दिवशीचा हवेचा दाब किती होता ते कळवा, मी आकडा काढून देते.

---

तापीकाठ | १७ एप्रिल, रात्री ११:०५

ताई, खूप आधार वाटला. मोबाइलच्या हवामान ॲपवर त्या दुपारी १००७ हेक्टोपास्कल दाखवत होतं. म्हणजे ७५५ मिलिमीटर. चालेल का?

---

वाघूरकाठची | १७ एप्रिल, रात्री ११:२०

नाही चालणार. आणि हे विचारलंत ते फार बरं झालं.

ॲप जो दाब दाखवतं तो समुद्रसपाटीला आणून दाखवलेला असतो. वेगवेगळ्या उंचीवरच्या गावांचे दाब एका नकाशावर मांडता यावेत म्हणून तसं करतात. तुमच्या लॅबमधला खरा दाब त्याहून कमी. तुम्ही तर रेल्वेतले. स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. भुसावळची २०० मीटरच्या थोडी वर आहे. उन्हाळ्याच्या हवेत ढोबळमानाने दर ९ मीटरला १ हेक्टोपास्कल कमी धरा. म्हणजे २३ वजा करायचे. राहिले ९८४, म्हणजे ७३८ मिलिमीटर.

आता मांडू या.

७३८ मधून वाफेचे ४४.६ काढा, कोरड्या हायड्रोजनचा दाब ६९३.४ मिलिमीटर.

तापमान ३६ अंश. केल्विनसाठी अंशांत २७३ मिळवायचे, म्हणजे ३०९ केल्विन.

११२ × ३०९ ÷ २७३ = १२६.८ मिली. ही उष्णतेने झालेली वाढ.

१२६.८ × ७६० ÷ ६९३.४ = १३९ मिली. ही दाब आणि वाफेमुळे झालेली वाढ.

म्हणजे अपेक्षित १३९ आणि मुलीचं वाचन १३६. फरक २ टक्क्यांचा. फीत टाकून बूच लावेपर्यंत दोन-तीन बुडबुडे निसटतातच. इतकं नेटकं वाचन माझ्या कित्येक विद्यार्थ्यांना वर्षअखेरीलाही येत नसे. तिला माझी शाबासकी सांगा.

---

पांझराकाठ धुळे | १८ एप्रिल, सकाळी ७:१५

भाऊ, पोरले सांगा, आकडा खोडू नको. जे दिखनं तेच लिख.

मी मेकॅनिकल डिप्लोमावाला, केमिस्ट्री फारशी नाही. पण ताईंनी मांडलेलं पायरीपायरीने वाचलं आणि पहिल्यांदा डोक्यात शिरलं. आम्हाला "वायू दिसला की २२.४" असंच पाठ करून घेतलं होतं.

---

शहाद्याचा विद्यार्थी | १८ एप्रिल, सकाळी ९:३०

मॅडम, मी नीटची तयारी करतोय. एका पुस्तकात २२.४ आहे, दुसऱ्यात २२.७. दोन्हीकडे एसटीपीच (प्रमाण तापमान आणि दाब) लिहिलंय. कुठला धरायचा?

---

वाघूरकाठची | १८ एप्रिल, सकाळी १०:१०

बाळा, दोन्ही आकडे खरे आहेत, दाब वेगळा आहे. जुनी व्याख्या १ अ‍ॅटमॉस्फिअरची, म्हणजे १०१३.२५ हेक्टोपास्कल, तिथे २२.४१ लिटर. १९८२ मध्ये आययूपॅकने (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) प्रमाण दाब १ बार, म्हणजे १००० हेक्टोपास्कल ठरवला. दाब थोडा उतरला, म्हणून आकारमान थोडं वाढलं, २२.७१ लिटर. तापमान दोन्हीकडे ० अंशच आहे.

प्रश्नात "१ बार" असेल तर २२.७, "१ अ‍ॅटमॉस्फिअर" असेल तर २२.४. काहीच दिलं नसेल तर पर्याय बघ. बहुतेक वेळा एकाच आकड्याने उत्तर नीट सुटतं. आणि २५ अंश, १ अ‍ॅटमॉस्फिअर म्हटलं असेल तर २४.५. खरं तर यातला एकही पाठ करायची गरज नाही. पीव्ही = एनआरटी (दाब × आकारमान = मोल × वायू स्थिरांक × केल्विन तापमान) हे एकच सूत्र हाताशी असलं की तिन्ही आकडे अर्ध्या मिनिटात निघतात.

---

हिशोबी माणूस | १८ एप्रिल, दुपारी १:२५

मतभेद नोंदवतो, राग नसावा. मीही क्लास घेतो. परीक्षेत ११२ लाच मार्क मिळतात. मुलांच्या डोक्यात वाफेचा दाब आणि स्टेशनची उंची घातली तर येणारं गणितही चुकेल. दहावी-बारावीच्या पातळीला २२.४ पुरे आहे असं माझं मत.

---

तापीकाठ | १८ एप्रिल, दुपारी २:४०

सर, तुमचं म्हणणं पेपरपुरतं मान्य. पेपरात "एसटीपीला किती आकारमान" असं विचारलं तर उत्तर ११२ आणि मीही तेच लिहायला सांगेन. तो प्रश्नच ० अंशाचा असतो.

पण जर्नलमधल्या रकान्याचं नाव "निरीक्षण" आहे. तिथे मुलीने जे पाहिलं ते यायला हवं. "अपेक्षित आकारमान" हा रकाना त्याच्या शेजारी असतो, तिथे ११२ लिहा आणि ३६ अंशांचा १३९ पण लिहा. दोन आकडे जुळत नाहीत म्हणून सोळा वर्षांच्या पोरीने डोळ्यांवरचा विश्वास सोडायचा, हे मला बाप म्हणून फार लागलं. आपल्या भागात एप्रिल-मेमध्ये पारा ४४–४५ ला जातो. दरवर्षी किती मुलांनी असे खरे आकडे पुसले असतील?

---

हिशोबी माणूस | १८ एप्रिल, दुपारी ३:३०

निरीक्षणाच्या रकान्याचं बोललात ते पटलं. तो पुसायला कोणी सांगू नये. मी माझ्या मुलांना आजवर तापमान लिहायला लावत नव्हतो, आता लावेन.

---

अमळनेरची लेक | १८ एप्रिल, सायंकाळी ६:४५

धागा मनापासून आवडला. एक भर घालते. प्रक्रियेतले दोन्ही पदार्थ वायू असतील तर २२.४ लागतच नाही. एकाच तापमानाला आणि दाबाला समान मोल समान जागा घेतात, म्हणून समीकरणातले सहगुणक हेच आकारमानाचं गुणोत्तर. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये हे मोजून दाखवलं: दोन भाग हायड्रोजनला बरोबर एक भाग ऑक्सिजन लागतो. त्याचं कारण ॲव्होगाड्रोने १८११ मध्ये मांडलं, पण ते रसायनशास्त्रज्ञांच्या गळी उतरायला १८६० ची कार्ल्सरूची परिषद उजाडावी लागली. कॅनिझारो या इटालियन रसायनशास्त्रज्ञाने तो विचार तिथे पुन्हा पुढे आणला. ॲव्होगाड्रो त्याआधी चार वर्षं वारला होता.

घरातलं उदाहरण घ्या. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये ब्यूटेन आणि प्रोपेन असतात, हिशोबाला नुसतं ब्यूटेन धरू:

२ ब्यूटेन + १३ ऑक्सिजन → ८ कार्बन डायऑक्साइड + १० पाणी

म्हणजे १ लिटर ब्यूटेनला ६.५ लिटर ऑक्सिजन. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, म्हणजे जवळजवळ ३१ लिटर हवा. इथे तापमान विचारावं लागलं का? नाही, कारण दोन्ही बाजू सारख्याच पसरतात.

सिलिंडर १४.२ किलोचा म्हटलं की मात्र वजन आलं, मग मोल आणि तापमान दोन्ही हवेत. ब्यूटेनचा १ मोल ५८ ग्रॅमचा, म्हणून १४२०० भागिले ५८, म्हणजे २४५ मोल. ४० अंश आणि आपल्याकडचा दाब धरला तर १ मोल सुमारे २६.४ लिटर. एका सिलिंडरमधून साधारण साडेसहा हजार लिटर गॅस निघतो आणि तो जाळायला दोन लाख लिटर हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच स्वयंपाकघरात २८,३०० लिटर हवा मावते. म्हणजे एक सिलिंडर अशा सात स्वयंपाकघरांतली सगळी हवा वापरतो. उन्हाची झळ येते म्हणून दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून भाकऱ्या थापणाऱ्या माझ्या आईला मी हा हिशोब कागदावर दाखवला. तेव्हापासून ओट्यावरची खिडकी उघडी असते.

---

रावेरचा केळीवाला | १८ एप्रिल, रात्री ८:२०

माझा प्रश्न थोडा वेगळा. आमची केळी पिकवायची खोली आहे, ४ मीटर × ३ मीटर × ३ मीटर. इथिलीन १०० पीपीएमपर्यंत चालतं म्हणतात. नक्की किती ग्रॅम गॅस लागतो? विकणारे काहीही सांगतात.

---

वाघूरकाठची | १८ एप्रिल, रात्री ९:१०

फार चांगला प्रश्न. खोली ३६ घनमीटर, म्हणजे ३६,००० लिटर. १०० पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत १०० भाग. वायूंमध्ये हे भाग आकारमानाचे. म्हणजे ३.६ लिटर इथिलीन. खोली १८ अंशांवर ठेवत असाल तर आपल्या दाबाला १ मोल साधारण २४.६ लिटर. ३.६ भागिले २४.६, म्हणजे ०.१४६ मोल. इथिलीनच्या १ मोलचं वजन २८ ग्रॅम. उत्तर सुमारे ४ ग्रॅम. आणि ही रिकामी खोली धरून आहे. क्रेट भरले की हवा कमी, म्हणजे गॅस त्याहूनही कमी.

४ ग्रॅम ऐकून कमी वाटेल, पण इथिलीन हे फळाचं स्वतःचंच संप्रेरक आहे. त्याला फक्त इशारा पुरतो.

कार्बाइडच्या वाटेला मात्र जाऊ नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला अन्नसुरक्षा नियमांत २०११ पासून बंदी आहे, इथिलीनला १०० पीपीएमपर्यंत परवानगी आहे. कार्बाइडला पाणी लागलं की ॲसिटिलीन वायू निघतो. त्याचा हिशोब बघा: ६४ ग्रॅमला १ मोल ॲसिटिलीन, म्हणजे शुद्ध असेल तर १ किलोतून आपल्या उन्हाळ्यात ४०० लिटरहून जास्त. हवेत अडीच टक्के झालं की ते पेट घेऊ शकतं. ३६ घनमीटरच्या खोलीत अडीच टक्के म्हणजे ९०० लिटर. सव्वादोन किलो कार्बाइड आणि एक ठिणगी, एवढं पुरे. शिवाय बाजारातल्या कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसची भेसळ असते, तिचे विषारी वायू सोबत निघतात.

---

रावेरचा केळीवाला | १८ एप्रिल, रात्री ९:३५

मॅडम, खूप उपकार. आकडा भिंतीवर लिहून ठेवतो. मला खोलीसाठी याच्या दसपट सांगितलं होतं.

---

पांझराकाठ धुळे | १९ एप्रिल, सकाळी ८:०५

ताई, काल मुलासोबत संगमरवराच्या तुकड्यांवर आम्ल टाकून कार्बन डायऑक्साइड पाण्यावर गोळा केला. आमचं वाचन उलट कमी आलं! उन्हाळा असूनही. आता काय चुकलं?

---

वाघूरकाठची | १९ एप्रिल, सकाळी ९:२०

काही चुकलं नाही, वायू निवडताना गडबड झाली. कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो. २५ अंशांना १ लिटर पाण्यात पाऊण लिटरहून जास्त मावतो. तुमचा बराचसा वायू घमेल्यातच राहिला. हायड्रोजन जवळजवळ विरघळत नाही, म्हणून पाण्यावर गोळा करायला तो बरा. कार्बन डायऑक्साइडसाठी गॅस सिरिंज वापरा, नाहीतर प्रयोगाआधी आणि नंतर फ्लास्कचं वजन करा.

अजून दोन गोष्टी सगळ्यांसाठी. वाचनाआधी सिलिंडर वरखाली करून आतली आणि बाहेरची पाण्याची पातळी एक करा. आतली पातळी १० सेंटिमीटर वर राहिली तर आतला दाब ७ मिलिमीटरने कमी असतो आणि वाचन १ टक्का वाढतं. दुसरं, फितीचं वजन. शाळेचा काटा ०.०१ ग्रॅमपर्यंतच दाखवत असेल तर ०.१२ मध्येच मोठी शंका राहते. पूर्ण १ मीटर फीत एकदा तोला आणि लांबीच्या प्रमाणात तुकडा कापा.

आणि हो, हायड्रोजन आहे, जवळ ज्योत नको, डोळ्यांना चष्मा हवा.

---

शहाद्याचा विद्यार्थी | १९ एप्रिल, सकाळी १०:४५

मॅडम, मॅग्नेशियमऐवजी ॲल्युमिनियम घेतलं तर? माझं उत्तर नेहमी दीडपटीने चुकतं.

---

वाघूरकाठची | १९ एप्रिल, सकाळी ११:१५

दीडपट म्हणालास तिथेच उत्तर आहे. २ ॲल्युमिनियमला ३ हायड्रोजन. तू मोल काढून थेट लिटरकडे पळतोस, मधली पायरी राहते. ०.०९ ग्रॅम ॲल्युमिनियम भागिले २७, म्हणजे ०.००३३३ मोल. गुणिले ३ भागिले २, म्हणजे ०.००५ मोल हायड्रोजन. बघ, ०.१२ ग्रॅम मॅग्नेशियमइतकाच वायू. आम्ल मात्र पुरेसं आहे ना ते आधी तपास. कमी पडलं तर वायू आम्लाच्या हिशोबाने निघेल, धातूच्या नाही.

---

तापीकाठ | २१ एप्रिल, रात्री ८:३०

मंडळी, सांगायला आलो. मी ताईंचा हिशोब कागदावर उतरवून क्लासच्या सरांकडे नेला. भांडायला नव्हतो गेलो. त्यांनी दोनदा वाचला, स्वतः कॅल्क्युलेटरवर केला आणि म्हणाले, आज सकाळी ७ वाजता बॅचच्या आधी पोरीला घेऊन या, थंड वेळेत पुन्हा करू.

रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी वापरलं. सकाळी त्याचं तापमान २७ अंश. त्याच रिळातली फीत, मीटरभर तोलून ०.१२ ग्रॅमचा तुकडा कापला. आम्ल तेच. मी सिलिंडर धरला होता. आधी काहीच झालं नाही, मग फितीच्या कडेने बारीक बुडबुड्यांची माळ सुटली आणि फीत वर तरंगायला लागली. दोन मिनिटांत दिसेनाशी झाली. फ्लास्क हाताला कोमट लागत होता, म्हणून तो निवेपर्यंत दहा मिनिटं थांबलो. मग पातळ्या एक केल्या आणि मुलीने खाली वाकून वाचलं: १२८.

तिने हिशोब स्वतः मांडला. ३०० केल्विन, दाब ७३९, वाफेचे २६.७ वजा. मॅग्नेशियमचं अणुवस्तुमान या वेळी २४ ऐवजी २४.३ धरलं. अपेक्षित १२९.७. मग तिने पहिल्या प्रयोगाचा हिशोबही २४.३ ने पुन्हा केला, तो १३९ वरून १३७.२ वर आला. तिचे १३६ आणखी जवळ सरकले.

आता जर्नलमध्ये दोन ओळी आहेत. दुपारी ३ वाजता, ३६ अंश, १३६ मिली. सकाळी ७ वाजता, २७ अंश, १२८ मिली. पहिला आकडा पुसलेल्या जागीच पेनाने पुन्हा लिहिलाय आणि खाली सरांची सही आहे. उद्यासाठी तिने ॲल्युमिनियमची फॉइल ०.०९ ग्रॅम तोलून पुडीत बांधून ठेवली आहे.